प्लाय वाकला की शिव्या सुतारालाच का?

संपादक साहेब, नमस्कार.

अक्कलकोट रोडला माझं छोटं फर्निचरचं काम आहे. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाईकाच्या कपाटाचा प्लायचा दरवाजा वाकला, सनमायक्यावर लाटा दिसायला लागल्या आणि ते गिऱ्हाईक मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, गम कमी मारला की वो!" दरवाजा उतरवून मधोमध कापला, तर आतल्या पत्त्यांत, म्हणजे डिंकानं एकावर एक चिकटवलेल्या पातळ लाकडी थरांत, एवढी फट की आगपेटीची काडी सरळ आत गेली. नवा दरवाजा शेवटी माझ्याच खिशातून.

लोक दुकानात ३०३ का ७१० (हे प्लायच्या आयएस मानकांचे नंबर), वॉटरप्रूफ आहे का, एवढंच विचारतात. अहो पण डिंक कितीही भारी असू दे, पत्तीच खराब असेल तर तो काय करणार? ओंडका लेथ मशीनवर फिरतो आणि चाकू त्याची सलग पत्ती सोलत जातो, शार्पनरमधून पेन्सिलीची साल निघते तशी, आणि माल तिथंच बनतो नाहीतर बिघडतो. ओंडका ताजा, ओला पाहिजे, कडक लाकूड असेल तर गरम पाण्यात नाहीतर वाफेवर मऊ करून घ्यावं लागतं. ते टाळून वाळका ओंडका चढवला, वर चाकूची धार गेलेली, की पत्ती खरबरीत निघते, तंतू उपटून येतात. चाकूसमोर प्रेशर बार असतो, त्याचा दाब कमी पडला तर पत्तीच्या चाकूकडच्या अंगाला बारीक बारीक चिरा पडतात. सुटी पत्ती हातात घेऊन दोन्हीकडं वाकवून बघा, एका बाजूला त्या चिरा उघडतात, दुसरी बाजू गुळगुळीत राहते. सेटिंग हललं की जाडी कमीजास्त, मग पत्त्या दाबून चिकटवायच्या प्रेसमध्ये कुठं पोकळ, कुठं पत्तीवर पत्ती. आणि पत्ती ओलसर राहिली तर हॉट प्रेसमध्ये पाण्याची वाफ होऊन थर सुटतात, फुगा येतो. त्यात आता निलगिरी, पॉप्लरची कोवळी झाडंच जास्त येतात, निलगिरीचं तर तोडल्यावर टोकच फाटतं.

आपल्या सोलापुरात मेमध्ये पारा ४२ च्या वर आणि जूनमध्ये दमट, मग असला माल वाकणार नाही तर काय होणार.

तुमच्या पुरवणीत बेडरूमचे रंग छापता ते छापा, पण यावरपण एकदा लिहा. शीटच्या कडेला पुट्टी भरून वर रंग मारलेला असतो, त्यामुळं बाहेरून काही कळत नाही. मी आता कोपरा कापून दाखवा म्हणतो. दोन दुकानदारांनी दाखवला, तिसरा म्हणाला, "घ्यायचा तर घ्या, नाहीतर निघा."

एक सुतार, सोलापूर