थिबा राजा सगळ्यांना माहीत आहे, राणीवर सिनेमा कोण काढणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात लेकीने टीव्हीवर एक परदेशी सिनेमा लावला. चिलीमध्ये १९७३ ला लष्कराने सरकार उलथवलं, त्यानंतर मुलांना घेऊन देश सोडावा लागलेल्या एका आईची गोष्ट. सबटायटल वाचत वाचत बघितला, पण एक सीन अजून डोक्यातून जात नाही, ती आई मुलाला आपल्या भाषेत काहीतरी विचारते आणि तो नव्या देशाच्या भाषेत उत्तर देतो, आणि ती नुसती त्याच्याकडे बघत राहते. मला रात्री झोप लागली नाही, कारण हे सगळं आपल्या रत्नागिरीत घडून गेलंय, माझ्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर.

थिबा पॅलेस बघायला पाहुणे येतात, जांभ्या दगडाची ती तीन मजली इमारत, रंगीत काचा, मागची बुद्धाची मूर्ती, सगळ्याचे फोटो काढतात, मग थिबा पॉइंटला जाऊन भाट्याची खाडी बघतात आणि गणपतीपुळ्याला निघतात. आपणही त्यांना एवढंच सांगतो की ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं होतं. राणीचं नाव किती जणांना येतं सांगा बरं? सुपायालत. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं तेव्हा ती २५ वर्षांची, दोन लहान मुली बरोबर आणि तिसरी पोटात. राजवाड्यातून बैलगाडीत बसवून इरावतीच्या काठावर नेलं, तिथून बोटीने रंगून, मग मद्रास. तिसरी मुलगी मार्च १८८६ मध्ये मद्रासला झाली आणि महिनाभराने, एप्रिलमध्ये, सगळ्यांना रत्नागिरीला हलवलं. ओली बाळंतीण, अनोळखी मुलूख, समोर पावसाळा! आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत हो. चौथी १८८७ ला इथेच जन्मली, म्हणजे जन्माने आपली रत्नागिरीकरच.

इंग्रजांच्या पेपरांनी तिला क्रूर राणी म्हणून रंगवलं आणि तेच चित्र अजून चालू आहे. १८७९ मध्ये मंडालेच्या राजवाड्यात राजघराण्यातल्याच कितीतरी लोकांची कत्तल झाली, त्याचं सगळं बिल हिच्या नावावर फाडलं गेलं. ती तेव्हा १९ वर्षांची होती आणि दरबारात चालायचं ते तिच्या आईचं. ती देवमाणूस होती असं मी म्हणत नाही, स्वभावाने कडकच होती, पण कडक बाईलाही पोरी वाढवाव्या लागतात.

आणि त्या वाढवायच्या कशा? राजघराण्याच्या मुली, म्हणजे स्थळ राजघराण्याचंच पाहिजे, ते रत्नागिरीत कुठून आणणार? मुली मराठी-हिंदुस्थानी बोलत मोठ्या झाल्या. त्यांच्याकडे मुलगी वयात येताना कान टोचण्याचा मोठा सोहळा करतात, तो इथे झाला तोपर्यंत मुली तिशीच्या आसपास गेल्या होत्या. थोरलीचं प्रेम बसलं घरच्या दरवानावर, गोपाळ सावंत, तो आधीच लग्न झालेला. १९०६ ला त्यांची मुलगी टुटू जन्मली. त्या आईवर काय गुजरलं असेल याचा विचार मी दोन दिवस करतेय. नवा राजवाडा तर १९१० मध्ये तयार झाला, म्हणजे २४ वर्षं वाट बघितल्यावर, तोपर्यंत मुलींचं तरुणपण सरलं होतं, राजवाड्याचं काय करायचं?

डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला. राणीला त्याला मायदेशी न्यायचं होतं, इंग्रजांनी परवानगी दिली नाही, म्हणून तिने शवपेटीच ताब्यात द्यायला नकार दिला. दोन वर्षांवर ती पेटी पॅलेसच्या आवारात होती! शेवटी १९१९ मध्ये इंग्रजांनी दफन उरकलं, शिवाजीनगरला ती समाधी आहे, राजाच्या शेजारी धाकटी राणी, म्हणजे सुपायालतची सख्खी बहीण. आणि सुपायालत नवऱ्याला इथेच ठेवून त्याच वर्षी रंगूनला परत गेली, तिथे १९२५ मध्ये वारली.

पण माझा जीव अडकतो तो थोरल्या लेकीत. तीही आईबरोबर रंगूनला गेली होती आणि काही दिवसांनी टुटूला घेऊन रत्नागिरीला परत आली. आईसाठी जो तुरुंग होता ते लेकीचं माहेर होतं, ती मंडालेहून निघाली तेव्हा पाच वर्षांची, तिला दुसरं कुठलं घर आठवणार? १९४७ मध्ये हलाखीत इथेच गेली. टुटू तर पूर्ण मराठी बाई झाली, लुगडं नेसणारी, गोवऱ्या थापून विकणारी, २००० सालापर्यंत आपल्यातच राहिली.

म्हणून मराठी सिनेमावाल्यांना हात जोडून विनंती, हा सिनेमा काढा, राजाचा नको, आई आणि लेकीचा काढा. हत्ती, मुकुट, लढाया यावर पैसा घालवायची गरजच नाही, एक बंगला, एक पावसाळा आणि आईला न कळणाऱ्या भाषेत खिदळणाऱ्या चार मुली एवढ्यावर उभा राहील. राणीच्या तोंडी मराठी घालू नका, तिला तिच्या भाषेतच बोलू द्या, आम्ही वाचू सबटायटल. शूटिंग इथेच करा, मुंबईत सेट लावलात तर आमचा पाऊस येणार नाही त्यात. आणि तोवर पॅलेसमध्ये चारही मुलींची नावं, त्यांचे जन्म कुठे झाले आणि पुढे त्या कुठे गेल्या, एवढा एक बोर्ड मराठीत लावावा, शाळेच्या सहली येतात तेव्हा पोरी वाचतील.

आपली,
एक वाचक, माळनाका, रत्नागिरी