जुना पिस्टन मागून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापुरात पद्मिनी आणि अँबेसेडर जपणारी घरे अजून आहेत. अशी गाडी धूर मारू लागली किंवा टकटक वाजू लागली की लगेच इंजिन खोलायचे ठरते. नवे पिस्टन (सिलिंडरमध्ये खालीवर होणारे दट्टे), त्यांच्याभोवतीच्या नव्या रिंगा पडतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच दुखणे पुन्हा उभे राहते, कारण आधीचा पिस्टन कशाने गेला हे कोणी पाहिलेलेच नसते. हा खर्च टाळता येतो, म्हणून हे पत्र.

हेडच्या बोल्टला पाना लावण्याआधी कंप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो, ते गेज लावून तपासलेच पाहिजे. इंजिन गरम करून चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि स्टार्टरवर प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे द्या. बॅटरी उतरलेली असेल तर आकडे खोटे येतात. चौघांचा आपसातला फरक नीट बघा. तीन सिलिंडर १२० पीएसआय आणि एक ९० दाखवत असेल तर दोष त्या एकाचा. मग त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला चढला तर दोष रिंगा, पिस्टन किंवा बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीचा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सील). शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील आणि ऑइलनेही फरक पडत नसेल, तर बहुधा त्या दोघांमधले गॅस्केट फुटलेले असते. अशा इंजिनाचे पिस्टन बदलणे म्हणजे मालकाचे पैसे पाण्यात.

खात्री करायची असेल तर सिलिंडर कंप्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणा, गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढा आणि प्लगच्या भोकातून हवा भरा. हवा ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुसली तर रिंग किंवा पिस्टन, कार्बुरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

आवाजाचेही तसेच. थंड इंजिनात वाजणारी आणि गरम झाल्यावर विरणारी टकटक ही पिस्टन बोअरमध्ये सैल झाल्याची. गरम इंजिनात, लोडवर येणारा जड ठोका बहुधा बिगएंड बेअरिंगचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथला.

पिस्टन बाहेर आला की तो धुण्याआधी उजेडात धरा. गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही अंगांना मिळून चार जागी घासल्याच्या खुणा असतील तर पिस्टन गरम होऊन फुगला आहे. आपल्याकडे याचे मूळ बहुतेकदा रेडिएटरमध्ये सापडते. बोअरवेलचे क्षाराचे पाणी वर्षानुवर्षे भरल्याने नळ्या आणि ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा बुजतात, आणि मे महिन्यात तुळजापूरचा चढ लागला की इंजिन तापते. माथ्याच्या कडेला बारीक खड्डे आणि रिंगांमधली भिंत तुटलेली दिसली तर ते नॉकिंगचे, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्याचे काम: ठिणगीचे टायमिंग पुढे गेलेले किंवा कार्बन साचलेला. माथ्याच्या मधोमध वितळून भोक पडले असेल तर प्लग चुकीच्या हीट रेंजचा (इंजिनाच्या मानाने जास्त तापणारा) आहे का ते आधी बघा. स्कर्ट (पिस्टनचा रिंगांखालचा भाग) राखाडी, निस्तेज, उभ्या बारीक रेघांचा आणि वरची रिंग धारदार झालेली असेल तर धूळ आत गेली आहे. एअर फिल्टर आणि कार्बुरेटर यांच्यातला जोड तपासा. एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली अशी तिरकी घासण दिसली तर कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे. तो सरळ न करता नवा पिस्टन चढवला तर तोही तसाच जाणार.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकण्याची पद्धत मात्र आता बंद व्हावी. त्याने बुजलेला रेडिएटर सुधारत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी इंजिन बराच वेळ थंड राहते, पेट्रोल बोअरवरचे ऑइल धुऊन नेते आणि रिंगा झिजतात.

बोअर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजावा. झीज ०.१५ मिमीच्या पुढे असेल तर नुसत्या रिंगा घालून भागत नाही, बोअर मारून (सिलिंडर थोडा मोठा कोरून) त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टनच घ्यावा. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने बघावी: बोअरच्या दर २५ मिमीला साधारण ०.१ मिमी. पद्मिनीचा बोअर ६८ मिमी, म्हणजे पाव मिमीच्या थोडी वर. फट कमी ठेवली तर गरम झाल्यावर टोके एकमेकांना भिडतात, रिंग तुटते आणि बोअर ओरबाडला जातो.

मालकांना एवढीच विनंती, की बिलासोबत कंप्रेशनचे आकडे, बोअरची मापे आणि जुने पिस्टन मागून घ्या. मिस्त्रीबांधवांनीही ते आपणहून द्यावेत. ज्यांना ते घरी ठेवायचे नसतील त्यांनी शासकीय आयटीआयला द्यावेत, प्रत्येकावर कशाने गेला याची चिठ्ठी बांधून. मोटार मेकॅनिकच्या मुलांना फळ्यावरच्या आकृतीपेक्षा हातात धरलेला जळका पिस्टन लवकर कळतो.

आपला,
एक इंजिन मिस्त्री, सोलापूर