खिडकी दहा सेंटिमीटरच उघडू दे

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

ओजसचा फोटो मिळाला. पलंगाचा कठडा धरून उभा आहे आणि तोंडभर हसतोय. वहिनींनी खाली लिहिलंय, "आज स्वतःहून उभा राहिला!" फार आनंद झाला. मग फोटो मोठा करून बघितला आणि माझी नजर त्याच्यावरून मागच्या खिडकीवर गेली. पलंग खिडकीला लावलेला, खिडकीचा कट्टा गादीपासून जेमतेम हातभर वर, पल्ला सताड उघडा. आणि तुम्ही पाचव्या मजल्यावर. फोनवर बोललो असतो तर तू "हो हो, बघतो" म्हणाला असतास आणि विषय तिथेच राहिला असता, म्हणून पत्र लिहितोय.

आमच्याकडे काय झालं ते तुला सांगितलं नव्हतं. तेव्हा कुणालाच सांगवलं नाही. गेल्या वर्षीची गोष्ट, सई अडीच वर्षांची होती. दुपारी आई तिला घेऊन आडवी झाली होती, मी बाहेरच्या खोलीत काम करत होतो. आतून सईचा बोलण्याचा आवाज आला म्हणून डोकावलो. ती खेळण्यांच्या खोक्यावरून खिडकीच्या कट्ट्यावर चढली होती. गुडघ्यांवर बसून, दोन्ही तळवे मच्छरजाळीवर टेकवून खालच्या कुत्र्याला हाका मारत होती. जाळी तिच्या तळव्यांपाशी बाहेर फुगली होती आणि एका कोपऱ्यात रबराची दोरी खाचेतून बोटभर सुटली होती. मी ओरडलो नाही, दचकून ती पुढे झुकली असती. हळूच जाऊन तिला कमरेला धरून उचललं. नंतर त्याच जाळीवर मी दोन बोटांनी जोर दिला, तर अख्खी बाजू निघून आली.

तोपर्यंत मी त्या जाळीला अडसर समजत होतो. ती डासांसाठी असते. लेकराचं वजन पेलायला तिच्यात काहीच नसतं. आणि लहान मुलाचं डोकं बाकीच्या अंगाच्या मानाने जड असतं, त्यामुळे ते कट्ट्यावरून वाकलं की तोल पुढेच जातो. सावरायला हातांत तेवढी ताकद नसते.

आईने त्यानंतर कितीतरी दिवस स्वतःला दोष दिला. तिची काहीच चूक नव्हती, श्रीकांत. दिवसभर नातीमागे धावलेल्या बाईचा दुपारी डोळा लागतोच. लक्ष ठेवायचंच, पण खिडकी फक्त लक्षावर सोडायची नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने १९७२ मध्ये याच विचाराने मोहीम काढली होती. 'मुलांना उडता येत नाही' अशा अर्थाचं तिचं नाव होतं. लहान मुलं असलेल्या घरांना खिडकीचे गज फुकट दिले. पडण्याच्या घटना कमी झालेल्या दिसल्या आणि १९७६ मध्ये नियमच केला की दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल त्या भाड्याच्या घराला घरमालकाने गज बसवून द्यायचे.

आम्ही गजांऐवजी रेस्ट्रिक्टर लावले. चौकट आणि पल्ला यांना जोडणारी पोलादी दोरी किंवा पट्टी असते. खिडकी ठराविक फटीपलीकडे उघडत नाही, वारा मात्र येत राहतो. ती फट १० सेंटिमीटरच्या आत हवी. ब्रिटनमध्ये १०० मिलिमीटर धरतात, अमेरिकेत ४ इंच, म्हणजे जवळपास तेवढंच. त्यातून लहान मुलाचं अंग बाहेर जात नाही.

बसवताना माझी एक चूक झाली, ती तू करू नकोस. आमच्या खिडक्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या आहेत. चौकट आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत पोलादी पट्टी असते. मी डब्यात आलेले आखूड स्क्रू तसेच पिळले. घट्ट बसल्यासारखे वाटले. मग पल्ला उघडून खांद्याने रेटा दिला, तर टक्क आवाज झाला आणि दोन्ही स्क्रू प्लास्टिकचा भुगा घेऊन बाहेर आले. तो भुगा हातात घेऊन मी बराच वेळ नुसता बसून होतो. दुसऱ्यांदा मिस्त्रीला बोलावलं. त्याने आतल्या पोलादात पकडणारे लांब स्क्रू घातले आणि ड्रिल काचेच्या कडेपासून लांब ठेवलं. त्यानेच आणखी एक दाखवलं: दोरी जितकी बिजागरीकडे लावाल तितका पल्ल्याचा मोकळा काठ जास्त उघडतो. म्हणून दोरी किती लांब आहे यावर जाऊ नकोस. बसवून झाल्यावर पल्ला जोरात बाहेर ढकलून धर आणि मोकळ्या काठाशी फट टेपने मोज. पल्ला रुंद असेल तर लांबचा कोपरा वाकतो, तिथे दोन लागतात. लाकडी चौकट असेल तर आधी बारीक भोक पाड, नाहीतर लाकूड चिरतं.

सरकत्या खिडकीला ट्रॅकमध्ये स्टॉपर बसतो. तिथे पल्ला वर उचलून खाचेतून निघतो का तेही बघ.

आता किल्लीबद्दल, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं यावरच झालं. मी किल्लीवाले रेस्ट्रिक्टर आणले आणि किल्ली कपाटात ठेवली. आई म्हणाली, "रात्री आग लागली, दाराशी धूर झाला, तर मी अंधारात तुझं कपाट शोधू का?" मी गप्पच झालो. मुलाला आत ठेवणारी गोष्ट मोठ्यांनाही आत अडकवू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता प्रत्येक खोलीची किल्ली त्याच खोलीत, खिडकीपासून दूर, सईचा हात खुर्चीवर चढूनही पोहोचणार नाही अशा खिळ्याला असते. एका रात्री सगळे दिवे बंद करून आम्ही तिघांनी पाळीपाळीने किल्ली काढून खिडकी उघडून बघितली. आईला कुलपाचं भोक सापडेना. दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीतला बदलून किल्ली नसलेला लावला. त्यात एकाच वेळी दोन ठिकाणी दाबावं लागतं. मोठ्या माणसाला ते जमतं, सईला अजून जमलेलं नाही. पण ती मोठी होतेय, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तिला काय जमतंय ते बघतो आणि स्क्रूही पिळून घेतो.

तू गज लावायचं म्हणालास तर उभेच लाव, आडवे लावलेस तर ती शिडीच होईल. त्यांच्यातलं अंतरही १० सेंटिमीटरच्या आत ठेव आणि आतून उघडता येणारी एक चौकट ठेवायला सांग.

पण हे सगळं होईपर्यंत थांबू नकोस. आज, हे पत्र वाचून झाल्यावर, पलंग खिडकीपासून दूर सरकव. खुर्ची, खोकी, जे काही चढायला उपयोगी पडेल ते सगळं तिथून हलव. ओजस आज कठडा धरून उभा राहिलाय. गादीवरून त्या कट्ट्यावर पाय टाकायला त्याला किती दिवस लागतील हे तुलाही सांगता येणार नाही आणि मलाही.

घरातल्या सगळ्या खिडक्यांचे फोटो पाठव. चौकट कशाची आहे ते लिही, आणि कट्टा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून कळव. आमच्याकडे दोन रेस्ट्रिक्टर आणि ते लांब स्क्रू शिल्लक आहेत. रविवारी ड्रिल घेऊन सकाळीच येतो. वहिनींना सांग, ओजसला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवायचा, आवाजाला घाबरेल.

तुझा,
अविनाश