पटावरच्या कवडीची चमक

संपादक महोदय,

आजीच्या सारीपाटाची संगणकावर प्रतिकृती करताना 96 घरे आणि 16 सोंगट्या एका दुपारीत उभ्या राहिल्या. कवडीने मात्र आठवडा घेतला. 1980 मध्ये संगणकतज्ज्ञ टर्नर व्हिटेड यांनी मांडलेल्या पद्धतीत डोळ्याकडे येणारा प्रकाशकिरण परावर्तन आणि अपवर्तनाच्या वाटेने उलट शोधत नेला जातो, त्यामुळे लाखेच्या चकचकीत सोंगटीवर शेजारची सोंगटी आपोआप उमटते. पण कवडीच्या पाठीवरचा दुधाळ उजेड, प्रकाश आत शिरून विखुरल्याखेरीज, येतच नाही. ब्लेंडरसारख्या, त्रिमितीय चित्रे घडवणाऱ्या मोफत संगणक प्रणालीत तेही साधते. इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांच्या माळ्यावर असे पट गुंडाळून ठेवलेले असतील. कापड विरण्याआधी त्यांची मापे व छायाचित्रे घेऊन कलासंस्थांनी ते विद्यार्थ्यांकडून संगणकावर घडवून घ्यावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, इंदूर