शिष्यांचे व्यवसाय : पाच नोंदी आणि सात कोऱ्या जागा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत येशूच्या बारा शिष्यांवर लेख आला. नाताळ नसतानाही या विषयाला पानभर जागा मिळाली, याचे मनापासून समाधान वाटले. लेखातल्या दोन गोष्टी मात्र खटकल्या. पेत्र, अंद्रिया, याकोब आणि योहान यांना त्यात ‘गरीब, अडाणी कोळी’ म्हटले आहे. शिवाय शेजारच्या चौकटीत बाराही जणांच्या नावांपुढे एकेक व्यवसाय छापला आहे. शुभवर्तमाने, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची बायबलमधली येशूची चार चरित्रे, वाचली तर या दोन्ही गोष्टी टिकत नाहीत.

आधी कोळ्यांविषयी. मी वसईचा, कोळीवाड्यातला. मासेमारी हा अडाण्यांचा धंदा असे ज्याला वाटते, त्याने एकदा पहाटे बंदरावर येऊन तांडेलाचे, म्हणजे होडीच्या प्रमुखाचे, काम बघावे. वारा, पाणी, मासळीचा हंगाम, खलाशांचा हिशेब, उचल दिलेल्या व्यापाऱ्याचे देणे, सगळे त्याच्या डोक्यात असते. येशूच्या गालील प्रांतातल्या सरोवरावरही ते वेगळे नव्हते. मार्काच्या पहिल्याच अध्यायात पेत्र आणि अंद्रिया पाण्यात जाळे टाकताना दिसतात. पुढे थोड्या अंतरावर याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत आहेत, सोबत त्यांचा बाप जब्दी आहे आणि मजुरीवर ठेवलेली माणसेही आहेत. लूक आणखी सांगतो की शिमोन पेत्र आणि जब्दीचे मुलगे धंद्यात भागीदार होते. तारवे एकाहून अधिक, हाताखाली गडी आणि दोन घरांची भागी. आमच्याकडे अशा माणसाला नाखवा म्हणतात आणि चारचौघांत त्याच्या शब्दाला वजन असते.

त्यांचे काम किती बारकाव्याचे होते, हे शुभवर्तमानांतच सापडते. त्या काळी जाळी जवसाच्या धाग्याची असत. रात्रभर वापरलेले जाळे सकाळी धुऊन वाळवले नाही तर ते कुजते. म्हणूनच लूकच्या पाचव्या अध्यायात रात्र वाया गेलेली असतानाही कोळी काठावर जाळी धूत आहेत. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात जो दाखला आहे, तो तर सरळ रापणीचा, काठाकडे ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, आहे. जाळे काठाला ओढायचे, खाली बसून चांगली मासळी भांड्यांत भरायची, वाईट फेकून द्यायची. इथली ‘वाईट’ मासळी सडलेलीच असेल असे नाही. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे पर आणि खवले नसलेला मासा यहुद्यांना वर्ज्य होता आणि गालीलच्या सरोवरात मांगुराच्या जातीचा बिनखवल्यांचा मोठा मासा भरपूर मिळतो. तेव्हा प्रत्येक ओढीनंतर निवडणे हे धंद्याचे काम होते, तसे धर्माचेही.

1986 साली दुष्काळामुळे या सरोवराचे पाणी मागे हटले, तेव्हा गिनोसारजवळच्या चिखलात त्याच काळातले एक तारू सापडले. सुमारे 8.2 मीटर लांब आणि 2.3 मीटर रुंद. फळ्या मुख्यतः देवदाराच्या जातीच्या, आतल्या वाकांना (बरगड्यांसारख्या वाकड्या लाकडांना) ओक आणि मध्येमध्ये हाताला लागतील त्या इतर झाडांच्या लाकडांचे तुकडे बसवलेले. कोणीतरी ते वर्षानुवर्षे डागडुजी करून चालवले होते आणि निकामी झाल्यावर कामाचे भाग काढून घेऊन सांगाडा सोडून दिला होता. हे पेत्राचेच तारू असे कोणी समजू नये, पण त्याचे तारू याच घडणीचे असणार. त्या तुकड्यांत मला काटकसर दिसते आणि सुताराचे कसबही दिसते. अडाणीपणा कुठेच दिसत नाही.

मग हा ‘अडाणी’ शब्द आला कुठून? बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, पेत्र आणि योहान यांना यहुद्यांच्या न्यायसभेपुढे उभे केले जाते. हे निरक्षर आणि सामान्य लोक इतक्या धिटाईने कसे बोलतात, याचे तिथल्या अधिकाऱ्यांना आश्चर्य वाटते. म्हणजे हे मत शास्त्र्यांच्या पाठशाळेत न शिकलेल्या माणसांविषयी त्यांच्या विरोधकांचे आहे. ते शिष्यांची ओळख म्हणून आपण का छापावे?

मत्तयाविषयी चौकटीत नुसते ‘रोमन करवसुली’ एवढेच आहे. त्याचा जकातनाका कफर्णहूमचा आणि कफर्णहूम रोमच्या मर्जीने राज्य करणाऱ्या हेरोद अंतिपाच्या राज्यात होते, थेट रोमच्या अंमलाखाली नव्हते. यार्देन नदीच्या पलीकडे अंतिपाच्या भावाची, फिलिप्पाची हद्द लागे, त्यामुळे तिथे वसुली असणे साहजिक होते. त्याच सरोवराच्या काठी मग्दाला होते आणि तिथली मासळी खारवून बाहेर जात असे. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोनेही या खारवलेल्या मासळीची नोंद केली आहे. अशा मालावर जकात बसत असणारच. पेत्र आणि मत्तय यांची गाठ येशूने बोलावण्याच्या आधीच, एकाने पैसे भरताना आणि दुसऱ्याने ते मोजून घेताना, पडली असावी असे मला वाटते. ती दोन माणसे पुढे एका ताटाशी बसली, ही त्या मंडळीतली सर्वांत अवघड गोष्ट असणार.

आता उरलेले सात. फिलिप्प, बर्थलमय, थोमा, अल्फीचा मुलगा याकोब, तद्दय, शिमोन कनानी आणि यहूदा इस्कर्योत. हे आधी काय करत होते, याविषयी चारही शुभवर्तमाने गप्प आहेत. यहूदाकडे पैशांची थैली होती, पण ते शिष्यमंडळात आल्यानंतरचे काम. थोमा योहानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्राबरोबर तारवात चढतो, तेवढ्यावरून त्याला कोळी ठरवता येत नाही. चौकटीत त्याला ‘सुतार’ म्हटले आहे. ती कथा तिसऱ्या शतकातल्या ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथातली आहे. त्यात तो सुतार म्हणून विकला जाऊन भारतात गोंडोफारेस राजाकडे येतो आणि महालासाठी दिलेले पैसे गोरगरिबांना वाटून टाकतो. चित्रांत थोमाच्या हाती गुण्या (सुताराचा काटकोन) दिसतो, तो याच कथेमुळे. कथा सुंदर आहे, गोंडोफारेसची नाणीही भारतीय उपखंडाच्या वायव्येकडे सापडली आहेत. ती परंपरा म्हणून अवश्य सांगावी, पण शुभवर्तमानाची नोंद म्हणून नव्हे.

येशूनंतर त्याची शिकवण दूरवर नेणारा प्रेषित पौल बारांपैकी नव्हता, तरी लेखात त्याचे नाव यायला हवे होते. त्याने आपला धंदा सोडलाच नाही. करिंथमध्ये तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून त्यांच्याबरोबर तंबू करत असे. कुणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस काम केले, असे तो थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात लिहितो.

आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले आपल्या पुरवणीची कात्रणे वहीत चिकटवतात. त्या वर्गात कोळ्यांची बरीच मुले आहेत. म्हणून एवढीच विनंती, की पुढे कधी असा तक्ता छापाल तेव्हा पाच नावांपुढे व्यवसाय लिहा, सातांपुढची जागा कोरी ठेवा आणि कोळ्यांच्या मागचे ते विशेषण काढून टाका.

आपला,
एक वाचक, वसई