कापडी पताकांचे बिनसते कुठे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तान्हा पोळा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा लाकडी बैलांचा सण) आणि त्यापाठोपाठ येणारा गणेशोत्सव यांच्या सजावटीसाठी हल्ली शाळा व मंडळे कापडी पताकांकडे वळू लागली आहेत, ही चांगली गोष्ट आहे. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे झेंडे आणि सजावटीचे थर्माकोल देशभर बंद झाल्याने पर्याय हवाच होता. शाळेच्या आनंद मेळाव्यात तर संत्रे, तर्री-पोहे (चण्याचा तिखट रस्सा घातलेले पोहे), सांबारवडी (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) अशी फेल्टची, म्हणजे न विणता दाबून केलेल्या कापडाची चित्रे लावलेली माळ स्टॉलवर फारच शोभते. अडचण एवढीच की यातल्या बऱ्याच माळा एका कार्यक्रमात मरतात. बाजारात मिळणारे स्वस्त फेल्ट बहुधा पॉलिएस्टरचे, म्हणजे प्लास्टिकच असते. ते एकदा वापरून फेकायचे असेल तर बंदी घातलेल्या झेंड्यापेक्षा वेगळे काय केले? त्यामुळे फेल्ट फक्त चित्रापुरते, बाकी सगळे सुती आणि शिवण वर्षानुवर्षे टिकणारी, असा हिशेब धरूनच कामाला बसावे.

(पोळ्याच्या आंब्याच्या पानांच्या तोरणाबद्दल हे नाही. ते तुटल्याशिवाय पोळा फुटतच नाही, त्याला शिवलेला पर्याय नको.)

बारा पताकांची माळ धरू. प्रत्येक पताका तयार झाल्यावर वर १८ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर लांब, दोन पताकांत ४ सेंटिमीटर जागा, दोन्ही टोकांना बांधायला ३०-३० सेंटिमीटर पट्टी. म्हणजे एकूण पट्टी ३२० सेंटिमीटर. कापायचा त्रिकोण मात्र २० बाय २२ सेंटिमीटरचा हवा. दोन्ही तिरक्या बाजूंना पाऊण सेंटिमीटर दाब (शिवणीबाहेर सोडलेले कापड) धरला की रुंदी पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास आणि टोकाकडची लांबी तेवढीच कमी होते. पुढची आणि मागची बाजू मिळून त्रिकोण चोवीस. ४४ इंच पन्ह्याच्या साध्या सुती कापडावर एक सुलटा, एक उलटा असे आखले तर एका ओळीत नऊ बसतात, तीन ओळींत काम होते. पट्टीसकट एक मीटर कापड पुरते. छापील कापड असेल तर उलटे त्रिकोण चालत नाहीत, नक्षी डोक्यावर उभी राहते. मग कापड जवळपास दीडपट लागते. आमच्या मते चित्रांच्या मागे साधा मांजरपाट किंवा एकरंगी पॉपलिनच बरे. छापील कापडावर सांबारवडी ओळखू येत नाही.

आखण्याआधी कापड धुवावेच लागते आणि नेमका हाच टप्पा गाळला जातो. कोरा मांजरपाट मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर सहज आटतो, पॉलिएस्टर फेल्ट आटत नाही. न धुता शिवलेली माळ पहिल्या पावसात भिजली की कापड आखडते, फेल्ट तसेच राहते आणि चित्राभोवती चुण्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत. दुसरी गोष्ट रंगाची. लाल, मरून आणि गडद हिरवे सुती कापड रंग सोडते. ओला पांढरा फडका त्यावर ठेवून गरम इस्त्री फिरवावी. फडक्याला रंग लागला तर कापड पुन्हा धुवावे, फडका कोरा राहीपर्यंत. मिठाच्या पाण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण आधीच रंगवलेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही.

चित्राची जागा हा दुसरा घोटाळा. त्रिकोण खाली निमुळता होतो, तरी चित्र उंचीच्या बरोबर मध्यावर लावले जाते. तिथे रुंदी जेमतेम ९ सेंटिमीटर उरते आणि ८ सेंटिमीटरचे वर्तुळ थेट शिवणीला टेकते. तेच वर्तुळ, मध्यबिंदू पट्टीच्या साडेपाच सेंटिमीटर खाली ठेवून लावले, तर तिन्ही बाजूंना सुमारे दीड सेंटिमीटर मोकळे राहते. आठपेक्षा मोठे चित्र करू नये, त्याच्या वजनाने पताका पुढे झुकते. फेल्ट १ मिलिमीटर जाडीचे घ्यावे. दोन मिलिमीटरचे कडक फेल्ट दिसते छान, पण तीन थर झाले की घरच्या मशीनची सुई अडखळते.

बारा चित्रांना ए-फोर आकाराची सात शीट पुरतात. केशरी, पांढरे, राखाडी, पिवळे, हिरवे, तपकिरी आणि तर्रीसाठी विटकरी लाल. आडव्या कापलेल्या संत्र्यासाठी ८ सेंटिमीटरची केशरी चकती, वर ६.८ ची पांढरी आणि तिच्यावर ५.८ ची केशरी. फोडी वेगवेगळ्या कापत बसू नये, टोके निसटतात. पांढऱ्या दोऱ्याने मध्यातून जाणाऱ्या चार रेषा मारल्या की आठ फोडी दिसतात. खऱ्या नागपुरी संत्र्यात त्या जास्त असतात, पण लांबून आठच नीट मोजता येतात. पोह्यांची प्लेट राखाडी करावी, मांजरपाटावर पांढरी प्लेट हरवते. पोह्यांवर तर्रीचा वेडावाकडा लाल तुकडा, चण्यांसाठी तपकिरी भरतकामाच्या दोऱ्याचे तीन पदर घेऊन गाठीचे टाके आणि सांबाराची हिरवी ठिगळे. संत्रा बर्फी सर्वांत सोपी: साडेसहा सेंटिमीटरचा चौकोन आणि कोपऱ्यात पिस्त्याचे दोन काप. सांबारवडीला तपकिरी लांबट वळकटी आणि कापलेल्या टोकाला हिरवे सारण दिसले पाहिजे, नाहीतर लोक तिला स्प्रिंगरोल म्हणतात!

फेल्टची कड उसवत नाही, म्हणून दुमडायची गरज नाही. कडेपासून २ मिलिमीटर आत, ३ मिलिमीटर लांबीचा टाका, १४ नंबरची सुई. टाका बारीक केला तर टपाल तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि चकती तिथूनच फाटते. हाताने करायचे तर काजाचा टाका. टाचण्यांनी फेल्ट उचलले जाते, त्याऐवजी मधोमध एक कच्चा टाका घालावा. चित्र नेहमी एकेरी त्रिकोणावर शिवावे, मागचे कापड नंतर जोडावे. क्रम उलटा केला की मागे सगळे टाके दिसतात.

त्रिकोणाचा मध्य उभ्या धाग्यावर असला तरी तिरक्या बाजू उरेबाकडे (धाग्याला तिरक्या दिशेकडे) जातात आणि ताणल्या जातात. एका बाजूने उतरून दुसरीने वर येत शिवले तर दुसरी बाजू लांबते आणि पताका पीळ खाते. दोन्ही बाजू वरून टोकाकडेच शिवाव्यात. टोकावर एक आडवा टाका घ्यावा, दाब ३ मिलिमीटरवर छाटावा आणि टोक बोथट काडीने बाहेर काढावे. कात्रीच्या टोकाने काढले की भोक पडलेच. आत बकरम (ताठपणासाठीचे खळीचे कापड) घालू नये, भिजल्यावर त्याची खळ सुटते. इस्त्री मंद ठेवून, उलट्या बाजूने, वर सुती फडका टाकून. सुतीच्या तापमानावर पॉलिएस्टर फेल्ट वितळून तळाला चिकटते.

पट्टीसाठी तयार उरेब पट्टी सर्रास घेतली जाते. गळ्याला ती उत्तम, इथे नाही. बारा पताकांच्या वजनाने ती ताणून लोंबते आणि माळेचे पोट खाली येते. ५ सेंटिमीटर रुंदीच्या सरळ चार पट्ट्या तिरक्या जोडाने जोडाव्यात आणि चौघडी घालावी. मागची घडी पुढच्यापेक्षा एक मिलिमीटर रुंद ठेवली तर एकाच शिलाईत दोन्ही बाजू पकडल्या जातात. पताका पट्टीत पूर्ण १ सेंटिमीटर सरकवून आधी कच्च्या टाक्याने धराव्यात. टोकांना फास आणि दर मीटरला मागे एक छोटा फास दिला की मधला झोळ जातो.

ग्लू गनने चिकटवलेली चित्रे मेच्या उन्हात तापलेल्या भिंतीवर टिकत नाहीत, यावर वेगळे लिहायला नको. आनंद मेळाव्यात माळ शेगडीवर किंवा तिच्या आसपास मात्र मुळीच लावू नये. पॉलिएस्टर पेट घेतल्यावर वितळून ठिबकते.

कार्यक्रम संपला की माळ त्याच दिवशी उतरवावी. केशरी आणि लाल रंग उन्हात आधी उडतात. गार पाण्यात हाताने धुऊन, सावलीत वाळवून, घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावी. खळ घालून ठेवू नये, कसर लागते.

शाळांना एक विनंती. पताकांच्या स्पर्धेत परीक्षकांनी माळ उलटी करून पाहावी, एक पताका हाताने हलकेच ओढावी आणि कापड आधी धुतले होते का, हे विचारावे. गुण यालाही असावेत.

आपल्या,
शिवणवर्गातील शिक्षिका,
महाल, नागपूर