संधिवाताच्या गोळ्या परस्पर बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरोनाचे रुग्ण पुन्हा सापडू लागल्याची बातमी आली की आमच्या परळच्या औषध दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "ही गोळी इम्युनिटी कमी करते ना? मग थोडे दिवस बंद ठेवू का?" विचारणारे बहुतेक संधिवाताचे किंवा ल्युपसचे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) रुग्ण. निदान ते विचारतात तरी. कुणाला न विचारता गोळ्या सोडणारे महिन्याभराने येतात, तेव्हा बोटे इतकी सुजलेली असतात की पर्सची चेनही सोबतच्या मुलाला उघडावी लागते.

संधिवात म्हणजे म्हातारपणची गुडघेदुखी, हा समज काही केल्या जात नाही. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा संधिवात ऐन तिशी-चाळिशीतल्या बायकांनाही गाठतो. त्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते, म्हणून तिला आवर घालणारी औषधे द्यावी लागतात. मार्च २०२१ मध्ये ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा केंद्राच्या यादीत दीर्घकाळ स्टेरॉइड वा अशी औषधे घेणारेही होते. पण सहव्याधी म्हटले की मधुमेह आणि रक्तदाब, याच्या पुढे सहसा कुणी जात नाही.

ही औषधे काही एका माळेचे मणी नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनने संसर्गाचा धोका वाढत नाही. ती सोडली तर ल्युपस मात्र उसळतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची. कोरोना झालाच तर डॉक्टर ती सहसा थोडे दिवस थांबवतात आणि बरे वाटल्यावर पुन्हा सुरू करतात. नुसत्या बातमीला घाबरून ती बंद करायची नसते. रिटुक्सिमॅब या इंजेक्शनचा परिणाम अनेक महिने टिकतो आणि त्या काळात लस नीट लागू पडत नाही, म्हणून लसीची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. सगळ्यात जपायचे ते स्टेरॉइडला. रोज १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांना कोरोनात रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण जास्त दिसले, हे खरे. पण महिनोन्महिने ही गोळी घेणाऱ्याचे शरीर स्वतःचे स्टेरॉइड बनवणे जवळपास थांबवते. ती एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते.

मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सुचवले आणि धडधाकट माणसांनी स्ट्रिपच्या स्ट्रिप घरी नेऊन ठेवल्या. ज्यांना ती वर्षानुवर्षे लागते ते रुग्ण या दुकानातून त्या दुकानात हिंडत होते. जूनमध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' या औषध-चाचणीने दाखल रुग्णांना तिचा उपयोग नसल्याचे सांगितले. साठवलेल्या गोळ्यांची मुदत कपाटातच संपली असणार! त्याच चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि पुढे संधिवाताचे टोसिलिझुमॅब, ही दोन्ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, ऑक्सिजनवरच्या गंभीर रुग्णांचे जीव वाचवणारी ठरली. पण म्हणून साध्या तापाला कुणी घरच्या घरी स्टेरॉइड घेऊ नये. दुसऱ्या लाटेत वारेमाप स्टेरॉइडने काळ्या बुरशीला कसा हात दिला, ते आपण पाहिले आहे.

महापालिकेने 'आपला दवाखाना'मध्ये कोरोनाच्या सूचना लावताना या रुग्णांसाठीही चार ओळी लिहाव्यात. त्याहून सोपे म्हणजे, ताप आला तर कोणती गोळी थांबवायची, कोणती अजिबात सोडायची नाही आणि फोन कुठे करायचा, एवढे डॉक्टरांनी केसपेपरवरच लिहून द्यावे. काउंटरवर आम्ही ते वाचून दाखवू. सध्या माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक केसपेपरांवर औषधांखाली फक्त पुढच्या तपासणीची तारीख असते.

आपला,
एक औषधविक्रेता, परळ, मुंबई